मनगट उचलेपर्यंत

माझा उजवा हात मनगटापासून खाली लोंबायला लागला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. लोंबायला लागला हाच शब्द बरोबर आहे. हात पुढे केला की मनगट खाली पडायचं, त्याच्याखाली बोटं, आणि अंगठा तळव्याच्या आत वळून राहायचा. दुखायचं नाही. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं, कारण दुखण्याला काहीतरी करता येतं, शेकता येतं, चोळता येतं. हा हात नुसता माझ्याबरोबर असायचा. कुणी दारात आलं की मी तो ओढणीखाली घ्यायची आणि डाव्या हाताने धरून बसायची, पाहुण्यांचं मूल मांडीवर घेऊन बसावं तशी.

आम्ही जोगेश्वरीला पूर्वेच्या बाजूला बैठ्या चाळीत राहायचो. एक खोली, पुढे ओटा, वर पत्रा. घरात आई, बाबा, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान मंगल. बाबा अंधेरीला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होते. तिथे वरच्या मजल्यावर ड्रॉइंग ऑफिस होतं, काचेच्या भिंतींचं, आणि त्यात दोन मुली तिरक्या फळ्यांवर नकाशे काढत बसायच्या. बाबांना त्याचं फार अप्रूप होतं. माझं अक्षर चांगलं, शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायची, एवढ्यावरून त्यांनी ठरवून टाकलं होतं की आपली विजू ड्राफ्ट्समन होणार. दहावीनंतर एक वर्ष घरकामात आणि शिवणाच्या क्लासात गेलं होतं, पण त्या वर्षी फॉर्म भरला आणि आयटीआयच्या यादीत माझं नावही आलं. जुलैपासून जायचं होतं.

मे संपता संपता चाळीतले सगळे पत्र्यांवर चढायचे. जुनं प्लास्टिक काढायचं, भोकांना डांबर लावायचं, नवीन प्लास्टिक अंथरून त्यावर विटा ठेवायच्या. बाबा वर होते आणि मी पाण्याच्या रिकाम्या पिंपावर उभी राहून त्यांना खालून विटा देत होते. पिंप हललं. एवढंच झालं. मी गटाराच्या दगडी काठावर आडवी पडले आणि उजवा दंड खाली आला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि बाबांनी वरून मला पडताना पाहिलं.

आई म्हणत होती, हॉस्पिटलमध्ये नेऊया. पण बाबांच्या कारखान्यातल्या एकाचा घोटा घाटकोपरच्या एका हाडवैद्याने बसवला होता, आणि चाळीतल्या दोघातिघांनी सांगितलं की हॉस्पिटलवाले हात उघडतात, आत सळी घालतात, पोरीच्या हातावर वीतभर व्रण राहतो. बाबा कापाकापीला घाबरायचे. त्यांनी मला टॅक्सीत घातलं आणि घाटकोपरला नेलं. वैद्य म्हातारा होता, बोलायला गोड होता. त्याने काहीतरी काळा लेप लावला, बांबूच्या पट्ट्या ठेवल्या आणि सुती पट्टीने दंड असा आवळला की माझ्या डोळ्यांपुढे काळोख आला. रात्री बोटं सुजली, निळी झाली. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा जाऊन विचारून आले. तो म्हणाला, सूज येणारच, सोडायचं नाही. आम्ही अठरा दिवस सोडलं नाही. सोडलं तेव्हा हात हा असा झाला होता. आईने माझा पंजा उचलून धरला आणि सोडला, पुन्हा उचलला आणि सोडला. मग ती मालवणीत हळूच म्हणाली, "ह्याच्यात जीव नाय." बाबा ओट्यावर जाऊन बसले.

मग हॉस्पिटल झालंच. जुहूच्या बाजूला मोठं सरकारी हॉस्पिटल होतं, तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, प्लास्टर घातलं आणि सांगितलं की हाडाजवळून जाणारी नस चेपली आहे. तुटलेली नसावी. येईल परत, पण कधी आणि किती ते सांगता येणार नाही. प्लास्टर निघालं तेव्हा आयटीआय सुरू होऊन कितीतरी दिवस झाले होते. दंडाचं हाड जुळलं होतं, कोपर अर्धवट वाकत होतं, मनगट होतं तसंच होतं. मला व्यायामाच्या विभागात पाठवलं. आता त्याला सगळे फिजिओथेरपी म्हणतात, आणि आमच्या बोरिवलीच्या गल्लीत त्याची चार चकाचक दुकानं आहेत, काचेच्या दाराची, गार हवेची. तेव्हा बाबा त्याला 'हाताची शाळा' म्हणायचे. हे ते गमतीने म्हणत की तोंडातून दुसरा शब्द निघत नव्हता म्हणून, हे मला कधी कळलं नाही.

ती शाळा तळमजल्यावर, लांब व्हरांड्याच्या टोकाला होती. खिडक्या उंच, आत दिवसाही ट्यूबलाइट. भिंतीवर शिडीसारख्या लाकडी पट्ट्या, छताला कप्प्या, कप्प्यांतून दोऱ्या, आणि त्या दोऱ्या ओढणारी माणसं. कप्प्यांची कुईकुई दिवसभर चालायची. त्यात करंटच्या यंत्राचा घूं असा बारीक आवाज, आणि कुणी नवं माणूस असलं तर त्याचं कण्हणं. जुनी माणसं कण्हत नसत. एका कोपऱ्यात मेण वितळवायचं भांडं असायचं. त्यात हात बुडवून काढायचा, बुडवून काढायचा, पांढरा मोजा चढतो तसं मेण चढायचं, मग त्यावर टॉवेल गुंडाळून बसायचं. तेवढी वीस मिनिटं मला आवडायची. कुणी काही करायला सांगत नसे.

तिथे परेरा बाई होत्या. मरोळच्या ख्रिस्ती वाडीतल्या, चाळिशीच्या, ठेंगण्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मराठी आमच्यासारखंच बोलायच्या, थोडं तुटक. पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात टेबलावर आडवा ठेवला आणि म्हणाल्या, उचल. मी सगळा जीव एकवटला. हात तसाच. त्यांनी एका पिवळ्या कार्डावर एकाखाली एक स्नायूंची नावं लिहिली होती, प्रत्येकापुढे शून्य लिहिलं. मला म्हणाल्या की शून्य ते पाच असे मार्क असतात, पाच म्हणजे चांगला हात. नुसती आत हालचाल जाणवली तर एक. टेबलावर आडवा सरकला तर दोन. हवेत उचलला तर तीन. मी विचारलं, कधी होईल. त्या म्हणाल्या, नस मुंगीपेक्षा हळू चालते, ती दंडातून निघालीय, मनगटापर्यंत कधी पोचेल ते तिलाच माहीत. "पण ती येईल तेव्हा सांधे जाम झालेले असले तर ती येऊन करणार काय? म्हणून रोज यायचं. रविवार सोडून रोज."

रोज म्हणजे रोज. बाबा कारखान्यात रात्रपाळीला होते. सकाळी सव्वासातला पाळीवरून यायचे, हातपाय धुवायचे, आईने केलेली गरम पेज आणि भाजलेली सुकट खायचे, आणि माझी पिशवी उचलून दारात उभे राहायचे. मला एकटीला जाता आलं असतं, पण बसमध्ये चढताना डावा हात दांड्याला आणि उजवा तो असा, एकदा पडता पडता वाचले होते, त्यानंतर बाबांनी विषयच बंद केला. दोन बस लागायच्या. पार्ल्याला पूर्वेला उतरलं की हवेत बिस्किटांचा भाजका गोड वास असायचा. पूल ओलांडून पलीकडे दुसरी बस. विभागात पोचलो की बाबा व्हरांड्यातल्या लाकडी बाकड्यावर, भिंतीला डोकं टेकून, दोन मिनिटांत झोपी जायचे. तोंड थोडं उघडं, मांडीवर पिशवी. आजूबाजूला कुबड्यांची खटखट, पोरांची रडारड, वॉर्डबॉयची हाकाटी, त्यांना काही ऐकू येत नसे. मी आतून दारातून त्यांच्याकडे बघायची. आपला बाप चारचौघांत असा झोपलेला बघायला मला लाज वाटायची, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा वाईट वाटायचं. दीड-दोन तासांनी मी त्यांच्या खांद्याला हात लावायची. ते दचकून उठायचे आणि विचारायचे, "काय म्हणाल्या?" मी म्हणायची, "शून्य."

घरी हाताचं काम वेगळंच. डाव्या हाताने जेवायचं आईला चालेना, म्हणून पहिले काही आठवडे तिने मला भरवलं. सतरा वर्षांच्या मुलीला कुळथाची पिठी आणि भात भरवताना तिच्या बांगड्या माझ्या हनुवटीला लागायच्या. नंतर तिनेच एक दिवस चमचा आणून ताटात ठेवला. आंघोळ तीच घालायची. मंगल माझी वेणी घालायची, वाकडी, एक पेड जाड एक बारीक, आणि शाळेला उशीर होतो म्हणून मला ओरडायची. कुडत्याची हुकं, नाडीची गाठ, केसातला गुंता, महिन्याचे ते दिवस, कशालाच मला आडोसा राहिला नव्हता. मनगट वर राहावं म्हणून परेरा बाईंनी ॲल्युमिनियमच्या पट्टीचा आधार करून दिला होता, चामड्याच्या दोन पट्ट्यांनी बांधायचा. तो आई बांधायची. पट्टा आवळताना ती दर वेळी विचारायची, "जास्त नाय ना झाला?" दर वेळी. दिवसातून चार वेळा.

आणि व्यायाम. डाव्या हाताने उजवी बोटं एकेक करून मागे ताणायची, दहा आकडे धरायची, सोडायची. मनगट ताणायचं. अंगठा बाहेर काढायचा. कोपर वाकवायचं, सरळ करायचं. मग टेबलावर पावडर टाकून हात आडवा ठेवायचा आणि नसलेली हालचाल करायचा प्रयत्न करायचा. परेरा बाई म्हणायच्या, हात हलत नसला तरी डोक्याने हलव. मी डोक्याने हलवायची. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, गणपतीला गावी कुणी गेलं नाही. त्या काळातला थकवा मला अजून नीट सांगता येत नाही. दगड उचलून जो थकवा येतो तो रात्री झोपून जातो. हा काहीच न हलवण्याचा थकवा होता. संध्याकाळी माझे डोळे जड व्हायचे, मानेत कळ यायची, आणि कार्डावर शून्य. आता लिहितानाही पानभर झालं की अंगठ्याच्या मुळाशी दुखतं आणि थांबावं लागतं. मी थांबते, खिडकीत उभी राहते, पुन्हा बसते. पण तो वेगळा थकवा आहे, म्हातारपणाचा, त्याचं काही वाटत नाही.

दिवाळीच्या थोडं आधी साळवीकाका आमच्या ओट्यावर आले. ते बाबांच्याच कारखान्यात होते आणि दोन चाळी सोडून राहायचे. बाबा आत आडवे झाले होते, म्हणून ते आईशी हळू आवाजात बोलत होते. मी दाराच्या आतल्या बाजूला तांदूळ निवडत होते. रात्रपाळी बदलती असते हे मला माहीतच नव्हतं. महिन्यातून एक आठवडा. बाबांनी साळवीकाकांशी, आणखी दोघांशी पाळ्या बदलून घेऊन महिनोन्महिने रात्रच धरली होती, सकाळ मोकळी राहावी म्हणून. आणि आता साहेबांनी त्यांना सुपरवायझरच्या जागेसाठी विचारलं होतं, जी दिवसाचीच असते, तर ते नको म्हणाले होते. साळवीकाका आईला म्हणाले, वहिनी, समजवा त्याला, मशीनवर उभ्या उभ्या डुलक्या घेतो, एखाद दिवशी हात आत जाईल.

हे ऐकून मी तांदळाचं ताट खाली ठेवलं. बाबा भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर टॉवेल टाकून पडले होते. त्यांचे पाय मला दिसत होते. मी ठरवलं तेव्हा मला ते फार सोपं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मनातून हलकंही वाटलं. बाबांची दया आली हे खरं आहे. पण मीही कंटाळले होते, त्या कप्प्यांना, त्या बसला, त्या शून्याला. दोन्ही मिळून एक झालं. इतक्या वर्षांत मी ते दोन वेगळे करून बघायचा पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही.

दोनच दिवसांनी बाबांना पाळीनंतर थांबावं लागलं आणि मंगलला शाळेला सुट्टी होती म्हणून ती माझ्याबरोबर आली. तिला मी व्हरांड्यात बसवलं. व्यायाम नेहमीसारखा झाला, कार्ड माझ्या पिशवीत आलं. घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं की परेरा बाई म्हणाल्या, आता यायला नको, जे करायचं ते घरी करायचं, हात येईल तेव्हा येईल. बाबांनी विचारलं, कार्ड? मी म्हटलं, त्यांनी ठेवून घेतलं. कार्ड पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या शाळेच्या वह्यांखाली होतं. बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. मग म्हणाले, बाईंनी खूप केलं आपल्यासाठी. आणि आडवे झाले.

मी बारा दिवस गेले नाही. पहिले दोनतीन दिवस सुट्टीसारखे गेले. आई फराळाचं करत होती, स्टोव्हचा फरफर आवाज, रव्याचा भाजका वास, मी डाव्या हाताने करंज्यांच्या कडा दाबत होते. घरी व्यायाम करायचा असं मी ठरवलं होतं, पण सकाळचं संध्याकाळवर गेलं, संध्याकाळचं दुसऱ्या दिवसावर. आधाराची पट्टी काचते म्हणून मी आईला सांगून काढून ठेवली. आठव्या-नवव्या दिवशी बोटं ताणायला गेले तर ती पूर्वीइतकी मागे जाईनात. मधल्या बोटाला कळ आली. मी सोडून दिलं. बाबा पाळीवरून येऊन पेज पिऊन पडायचे. त्यांना झोप मिळते आहे असं मी स्वतःला सांगायची.

तेराव्या दिवशी सकाळी बाबा सव्वासातला आले नाहीत. आठ झाले, नऊ झाले. आई दोनदा ओट्यावर जाऊन बघून आली. साळवीकाकांचं बोलणं आम्हा दोघींच्याही डोक्यात होतं, पण कुणी काढलं नाही. साडेअकराला बाबा आले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. तो त्यांनी आदल्या संध्याकाळी कामाच्या पिशवीत घालून नेला होता. हातात वेताची पिशवी, तिच्यात गावाहून मामाने आणून दिलेली फणसाची साटं, म्हणजे रसाच्या वाळवलेल्या पोळ्या, आणि कोकमं. ती परेरा बाईंना द्यायला म्हणून ते कुणाला न सांगता हॉस्पिटलमध्ये गेले होते. उपचार संपले, तर आभार मानायला.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. आई भांडी घासत होती, तिचे हात थांबले.

"बाईंनी साटं घेतली नाहीत," बाबा म्हणाले. "म्हणाल्या, आधी मुलीला आणा."

मी उजवा हात ओढणीखाली घेतला.

"बारा दिवस झाले म्हणाल्या. मला वाटलं त्या दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत."

मला वाटलं होतं ते ओरडतील. आमच्या बाबांचा आवाज मोठा होता, चाळभर जायचा. मी खाली मान घालून म्हटलं, "तुम्हाला झोप मिळावी म्हणून. साळवीकाका सांगत होते. ती जागा पण तुम्ही सोडलीत."

बाबा माझा उजवा हात हातात घेऊन बसले. अठरा दिवसांच्या त्या पट्टीनंतर त्यांनी तो पहिल्यांदा धरला होता. तोपर्यंत ते माझी पिशवी धरायचे, डावा हात धरायचे, उजव्याला कधी शिवले नव्हते, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांनी बोटं उघडायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यावर अडली. बाबा आमच्याशी शहरातलं मराठी बोलायचे, मालवणी फक्त आईशी. तेव्हा ते माझ्याशी मालवणीत बोलले.

"घराक माका झोप येत नाय गो," ते म्हणाले. "डोळे मिटले की तू पिंपावरून पडताना दिसतंस. मगे तो वैद्य पट्टी आवळताना दिसता. तुझी आवस नको म्हणत होती, मीच तुका थंय नेलंय. हॉस्पिटलात बाकड्यार बसलंय की वाटता, आता कोणतरी बघता हा माझ्या चेडवाक. मगे डोळो लागता. तेवढीच झोप माका."

आई भांड्यांपाशी तशीच बसून होती. नळ वाहत होता. मी रडले नाही, मला रडायचीही ताकद नव्हती. मी उठले, ट्रंक उघडली आणि वह्यांखालचं पिवळं कार्ड काढून बाबांना दिलं. बाबांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं. मग ते पेज न पिताच भिंतीकडे तोंड करून पडले. ते झोपलेले नव्हते हे आता मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी परेरा बाईंनी मला नेहमीच्या टेबलापाशी बसवलं. हात मेणात घातला, वीस मिनिटांनी काढला, टॉवेलवर ठेवला आणि बोटं ताणायला सुरुवात केली. त्या दिवशी मी नव्या माणसांसारखी कण्हले. त्या ताणत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, बारा दिवसांचे चाळीस भरावे लागतील. ते त्यांनी अगदी अचूक सांगितलं होतं म्हणायचं, कारण बोटं पुन्हा पूर्ण मागे जायला नाताळ उजाडला. बाबा व्हरांड्यात बाकड्यावर झोपलेले असायचे. एकदा वॉर्डबॉय त्यांना उठवायला गेला, तर परेरा बाईंनी आतूनच त्याला हाक मारून दुसऱ्या कामाला पाठवलं. मीही आता दारातून त्यांच्याकडे बघायची ती वेगळ्या डोळ्यांनी. दोन तासांऐवजी सव्वादोन तास काढायची. कप्पीवर थोडं जास्त थांबायची.

स्नायू पहिल्यांदा हलला तो दिवस काही खास नव्हता. गर्दी होती, एक यंत्र बिघडलं होतं, परेरा बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी माझा हात टेबलावर आडवा ठेवला, दोन बोटं माझ्या कोपराखालच्या मांसावर ठेवली आणि म्हणाल्या, उचल. मी नेहमीसारखं डोक्याने उचललं. त्या म्हणाल्या, परत. मी परत केलं. परत. मग त्यांनी रुमालाने नाक पुसलं, कार्ड ओढलं आणि पहिल्या ओळीतल्या शून्याच्या बाजूला एक लिहिलं. मला काहीच दिसलं नव्हतं, हात होता तिथेच होता. त्यांनी माझी डावी बोटं धरून त्या जागेवर ठेवली आणि पुन्हा उचलायला लावलं. कातडीखाली काहीतरी सरकलं, बारीक, भिंतीत पाल सरकावी तसं. मला आनंद झाला असं लिहायला हवं, पण मला फक्त एकदम झोप आली. तिथेच टेबलावर डोकं ठेवावं असं वाटलं. बाहेर येऊन मी बाबांच्या खांद्याला हात लावला. ते दचकून उठले. "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "एक." ते ऐकून त्यांना खरं वाटेना. त्यांनी कार्ड मागून घेतलं आणि उजेडाकडे धरून बघितलं.

पुढचं सगळं हळूच झालं. दोन व्हायला महिना, तीनला त्याहून जास्त. तीन झालं त्या दिवशी हात हवेत, तळवा जमिनीकडे करून, थरथरत वर आला आणि दोन आकडे राहून पडला. आईने ते घरी बघितलं आणि देवापुढे साखर ठेवली. मग बादलीतून भिजलेला टॉवेल पिळणं, कपडे वाळत घालायचे चिमटे उघडणं, वाटाणे एकेक उचलून डब्यात टाकणं. मंगल माझ्यासमोर बसून वाटाणे मोजायची आणि चुकले की हसायची. मार्चमध्ये मी पेन्सिल धरली. पहिली रेघ कागदाच्या बाहेर गेली. बाबा बघत होते. ते म्हणाले, उद्या दुसरी काढ. सुपरवायझरची जागा तोपर्यंत दुसऱ्या कुणाला मिळाली होती, आणि ती पुन्हा बाबांकडे कधी आली नाही. ते निवृत्त झाले तेव्हाही फिटरच होते. आईने एकदा ते बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, जागा घेवन काय करू.

शेवटच्या दिवशी परेरा बाईंनी सगळे स्नायू पुन्हा तपासले. कार्डाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या, मागे एक कोरा कागद टाचला होता. मनगटाला चार. बोटांना चार. अंगठ्याला तीन, तीनच्या वर जरासं. त्यांनी बाबांना आत बोलावलं आणि सांगितलं की आता यायची गरज नाही. आता खरंच गरज नाही, असं माझ्याकडे बघून म्हणाल्या. बाबांनी विचारलं, "पाच नाही होणार?"

"चारवर सगळं होतं," परेरा बाई म्हणाल्या. "लिहील, स्वयंपाक करील, पोरं वाढवील. अंगठा दमेल लवकर. दमला की थांबायचं."

त्या म्हणाल्या ते बरोबर होतं. त्याच जूनमध्ये मी पुन्हा आयटीआयचा फॉर्म भरला आणि या वेळी गेले. नंतर चौतीस वर्षं सांताक्रूझच्या एका ऑफिसात नकाशे काढले, आधी फळीवर, मग कॉम्प्युटरवर. माझ्या रेघा सरळ यायच्या. इतरांपेक्षा वेळ लागायचा.

बाहेर आलो तर ऊन कडक होतं. या वेळी बाबांनी आणलेली साटं परेरा बाईंनी घेतली होती, आणि बाबांचे हात रिकामे होते. ते म्हणाले, खायचं का काही. एवढ्या महिन्यांत आम्ही बाहेर कधी काही खाल्लं नव्हतं, आलो की गेलो. पुलाच्या अलीकडे एक उडपी होता. बाबांनी स्वतःला इडली सांगितली, मला मसाला डोसा. डोसा आला. मी उजव्या हाताने त्याची कड तोडली. अंगठा नीट दाबत नव्हता, म्हणून तुकडा तर्जनी आणि मधल्या बोटात धरून चटणीत बुडवला, तोंडापर्यंत नेला. चटणी थोडी मनगटावर सांडली, ती मी पुसली. असा अर्धा डोसा खाऊन झाल्यावर मी मान वर केली. मला वाटलं होतं, बाबा बघत असतील. त्यांची इडली संपली होती. पेल्यातलं पाणी हातात घेऊन ते रस्त्याकडे बघत बसले होते. समोर एक माणूस हातगाडीवर बर्फाची लादी फोडत होता, त्याच्याकडे. माझ्या हाताकडे त्यांचं लक्षच नव्हतं.